गुलाबाची हजामत

लांजेवार काकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या एका हातात माझी तुळस उलटी लटकत होती आणि दुसऱ्या हातात रिकामी कुंडी होती. फेब्रुवारीतला रविवार होता. पुण्याहून बदली होऊन जबलपूरजवळच्या खमरियाच्या कारखान्याच्या कचेरीत येऊन मला महिनाही झाला नव्हता. वसाहतीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या होत्या आणि हौसेने घेतलेल्या चार कुंड्या मी जिन्याच्या पायथ्याशी मांडल्या होत्या. दूध घ्यायला खाली उतरते तर पायरीवर एक पांढऱ्या मिशांचा, खाकी हाफ पँटमधला माणूस बसलेला आणि माझ्या तुळशीची ही दशा. मी किंचाळलेच.

"अहो, काय करताय हे!"

"पाय पाहून राहिलो हिचे," ते शांतपणे म्हणाले. "काळे पडले. नाकाजवळ आणा, सडका वास येते. रोज पाणी घालता ना?"

"मग? तुळशीला रोज पाणी घालायचं नाही?"

"नमस्कार रोज करा. पाणी तिले लागन तवा."

मला राग आला होता, पण वास खरंच सडका येत होता. कुंडीचं तळाचं भोक मातीने गच्च बुजलं होतं. काकांनी खिळ्याने ते मोकळं केलं, त्यावर फुटक्या कुंडीचं खापर पालथं ठेवलं, एक भाग माती, एक भाग शेणखत आणि एक भाग रेती मिसळून तुळस पुन्हा लावली आणि तिच्या सगळ्या मंजिऱ्या खुडून माझ्या ओंजळीत टाकल्या. "मंजिरी आली का तुळस म्हातारी व्हाले लागते. खुडत जा. अन् पाणी घालायच्या आधी बोट घाला मातीत, दोन पेरं. बोट कोरडं निघालं तर पाणी, ओलं निघालं तर राम राम." एवढं बोलून ते हात झटकत निघून गेले. नाव विचारायचंही मला सुचलं नाही. पंधरा दिवसांत तुळशीने अशी काही पालवी धरली की राग धरून ठेवणं मला अवघड झालं.

ते समोरच्याच तळमजल्याच्या क्वार्टरमध्ये राहत. घराणं मूळचं भंडाऱ्याकडचं, पण वडिलांपासून सगळे जबलपूरचे. कारखान्यात टर्नर म्हणून लागले ते त्याच यंत्रावर म्हातारे झाले. काकूंना जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मुलगा जवळच्या सिहोऱ्याला असे. घराच्या तिन्ही बाजूंनी बाग होती आणि कुंपणाच्या कडेने अकरा गुलाब. फेब्रुवारीत ते अकराही गुलाब फुललेले मी पाहिले आणि खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात दुखलं. इतकी सुंदर गोष्ट कुंपणापलीकडे असावी आणि आपल्या वाट्याला चार कुंड्या!

मग मी त्यांची शिष्या झाले, आणि त्यांची शिकवण म्हणजे धक्क्यांची मालिका होती. त्यांनी माझ्या मोगऱ्याची सगळी पानं ओरबाडून काढली आणि आठवडाभर पाणी बंद करायला सांगितलं. मी रडकुंडीला आले. एप्रिलमध्ये त्या मोगऱ्याने ओंजळी भरून फुलं दिली. नव्याने लावलेल्या मिरचीच्या रोपाला पहिल्या कळ्या आल्या म्हणून मी कौतुकाने दाखवायला नेलं, तर त्यांनी त्या तिथेच चिमटीने उडवल्या. "बारा वर्षांच्या पोरीचं लगन लावता का? थोडी वाढू द्या." कढीपत्त्याला त्यांनी चक्क आंबट ताक पाजलं, पाण्यात पातळ करून. जास्वंदीवर पांढरी कीड चढली तेव्हा मी औषधाच्या दुकानाकडे निघाले होते. त्यांनी अडवलं आणि कपडे धुण्याच्या साबणाचं पाणी जुन्या दाढीच्या ब्रशने पानाच्या पाठीमागून लावायला बसवलं. रविवारी ते ग्वारीघाटावर नर्मदेत अंघोळ करून येत आणि येताना स्कूटरवर पोतंभर कोमेजलेल्या झेंडूच्या माळा आणत. फूलवाले भैया त्यांच्यासाठी न विकलेला माल बाजूला ठेवत. दोरे काढून त्या माळा खड्ड्यात जात आणि पावसाळ्यानंतर त्यांचं काळंभोर खत होई.

फक्त एका गोष्टीत त्यांनी मला मदत केली नाही. मला वरच्या खोलीत, पलंगाशेजारी, गुलाबाची कुंडी ठेवायची होती. त्यांनी खिडकीतून आकाशाकडे पाहिलं आणि मान हलवली. "ऊन किती वेळ येते इथं? तासभर? नाही बाई. ऊन नाही तिथं झाड आणणं म्हणजे पाहुण्याले जेवाले बोलावून उपाशी बसवणं. तुमचा जीव रमन, त्याचा जाईल." मी हट्ट केला तर दोन दिवस बोलले नाहीत.

आणखी एक वाक्य त्यांनी मला त्याच दिवसांत ऐकवलं होतं. कुंपणाशी चहा पीत उभे होतो. अकरा गुलाबांकडे पाहत ते म्हणाले, "दसऱ्याचं सोनं वाटून झालं का गुलाबाची हजामत. अशी हजामत का वळखू नाही आला पाह्यजे." हजामत या शब्दावर मी इतकी हसले की चहा सांडला. मला हसणं लक्षात राहिलं आणि वाक्य विसरून गेले.

त्याच वर्षी सप्टेंबरअखेर ते निवृत्त झाले. ते क्वार्टर रिकामं होणार हे कळताच मी अर्ज केला. बागेसाठीच केला, हे कबूल करते. त्यांना सांगताना माझी जीभ अडखळली. माणूस जन्म घालवलेल्या घरातून निघतोय आणि आपण त्याच्या दारात टपून बसलोय, असं वाटत होतं. "अच्छा," एवढंच ते म्हणाले आणि झाडांना पाणी घालायचा पाइप उचलून निघून गेले. त्या एका शब्दाने मी बेचैन झाले.

दसऱ्याला मी पुण्याला गेले. परत आले तेव्हा काका मुलाकडे सिहोऱ्याला गेलेले होते. किल्ली हातात पडली तशी मी सामान टाकून आधी बागेत धावले. आणि जागच्या जागी थिजले.

गुलाब नव्हते. कुंपणाच्या कडेने वीत-वीतभर उंचीचे अकरा खुंट उभे होते. एक पान नाही, एक कळी नाही. आणि प्रत्येक कापलेल्या टोकाला काहीतरी पिवळं फासलेलं होतं, वाळून खपली धरलेलं. मी पायरीवर बसले ती किती वेळ बसले कोण जाणे.

शेजारच्या तिवारी भाभी कुंपणाशी आल्या. "देखा न दीदी? जाते-जाते सब मिटा गये. सामान भरा हुआ ट्रक आधा घंटा दरवाज़े पर खड़ा रखा, सिर्फ़ इसी काम के लिये. ड्राइवर हॉर्न बजा-बजाकर थक गया."

"और ये पीला क्या है?"

"क्या पता. कारखाने का आदमी, कुछ केमिकल लगा दिया होगा कि दुबारा न उगे."

मला ते एका क्षणात पटलं, ह्याची आज लाज वाटते. ते 'अच्छा' मला आठवलं. माझ्या हाती लागू नये म्हणून म्हाताऱ्याने स्वतःच्या लेकरांसारखी झाडं कापली, वर विष फासलं! माझा स्वभाव मुळातच तापट. पुढचा आठवडाभर मी कचेरीत भेटेल त्याला ही गोष्ट सांगत होते. म्हातारपणी माणसं कशी खुनशी होतात यावर आमची चर्चा झाली. त्यांना फोन करावा असं मला एकदाही वाटलं नाही.

रविवारी सकाळी मी कुदळ घेतली. विषारी खुंट काढून टाकायचे आणि तिथे हिरवळ लावायची, असं ठरवलं होतं. मुळं खोल गेलेली होती. एकेकाला ओढताना मी मोठमोठ्याने बोलत होते, जणू काका समोर उभे आहेत. सात उपटून कुंपणाशी ढीग घातला. उन्हं चढली, हाताला फोड आले, तेव्हा थांबले आणि नळाखाली हात धुवायला गेले.

हात पिवळे झाले होते. साबण लावला आणि तो पिवळा रंग लालभडक झाला.

स्वयंपाकघरात वावरलेल्या कुठल्याही बाईला हे सांगावं लागत नाही. साबणाने लाल होते ती हळद. लहानपणी गुडघा फुटला की आई लावायची ती. मी हात तसेच लाल, ओले घेऊन ढिगाकडे पळाले. एक खुंट उचलून डोळ्यांजवळ धरला. हळदीच्या खपलीच्या खाली, सालीतून, मोहरीएवढा लाल डोळा, नवा कोंब, बाहेर येत होता. दुसरा उचलला, त्याला दोन होते. सातही खुंटांना होते. सकाळपासून ते उन्हात पडले होते. चहा सांडला तेव्हाचं, हजामतीचं ते वाक्य तेव्हा मला शब्द न् शब्द आठवलं.

मी काकांना फोन लावला. काय बोलले ते धड आठवत नाही, रडत होते एवढं आठवतं. मग ते म्हणाले, "किती उपटले?"

"सात."

"रडू नका आता. पहिले बादली भरा. मुळ्या पाण्यात बुडवा अन् सावलीत ठेवा. वरून ओलं पोतं. मी येतो."

दुपारच्या बसने ते सिहोऱ्याहून आले. आल्या आल्या बसकण मारून खड्डे केले. तुटक्या मुळांची टोकं कात्रीने साफ कापली, खड्ड्यात खत टाकलं, सातही खुंट पुन्हा उभे केले आणि माती पायाने दाबली. मी पाणी आणून देत होते. संध्याकाळी हात धुऊन झाल्यावर मी म्हटलं, "काका, चहा टाकते."

"आज नको."

आठ महिन्यांत त्यांनी माझा चहा कधी नाकारला नव्हता. "झाडाचं मले लागलं नाही," ते म्हणाले, पिशवी काखेत घेत. "झाड मरते, दुसरं येते. पण तुमाले वाटलं का लांजेवार असं करन? मले एक फोन केला असता, बाई." आणि बसच्या वेळेसाठी निघून गेले. मी दारात उभी राहिले. मला त्या दिवशी कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

न उपटलेल्या चारांनी डिसेंबरात फुलं धरली. सातांपैकी तीन जगले, चार गेले. पहिली तीन मोठी फुलं उमलली तेव्हा मी ती ओल्या कागदात गुंडाळली आणि सिहोऱ्याची बस पकडली. काकांचं घर म्हणजे केवढी बाग असेल, असंच मी वाटभर कल्पत होते.

बाजारातल्या एका दुकानाच्या वर, अरुंद जिन्याने चढून गेलं की दोन खोल्या. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत, हात लांब केला तर लागेल इतकी जवळ. मी गॅलरीत पाहिलं, खिडकीत पाहिलं. एक कुंडी नव्हती. तुळससुद्धा नव्हती.

"काका, एकही झाड नाही?"

"इथं ऊन कुठं येते," ते सहज म्हणाले. "पाहुण्याले उपाशी काहून बसवू?" मग माझा चेहरा पाहून जरा थांबले. "अन् सगळी तुमाले देऊन आलो होतो ना. तुमी अर्ज टाकला म्हणलं तवा मी म्हटलं, चलो, चांगल्या हाती चालली. त्या दिवशी गळा दाटला होता म्हणून बोलता नाही आलं."

काकांनी कागद उलगडला, फुलांकडे पाहिलंच नाही, दांडे तपासले. "आडवं कापलं. तिरपं कापाले सांगितलं होतं, पाणी थांबते." मग तिन्ही फुलं स्टीलच्या पेल्यात ठेवली आणि स्टोव्हवर स्वतःच्या हाताने चहा टाकला. दोन कप. निघताना त्यांनी आपली कात्री मला दिली. "पुढच्या दसऱ्याले माझी वाट पाहू नका. गुडघे जिना उतरू देत नाहीत आता."

यंदा दसरा झाला आणि मी कात्री घेऊन सात गुलाबांसमोर उभी राहिले. झाडं खांद्याएवढी झाली होती. दोन झाडांवर कळ्या होत्या. पहिल्या फांदीला कात्री लावली आणि हात चालेना. हिरव्या, जिवंत फांदीवर कात्री चालवणं इतकं कठीण असेल असं मला वाटलं नव्हतं. एकेक झाड वीतभर करायला मला अख्खी सकाळ लागली आणि मी दोनदा रडले. कुंपणापलीकडून तिवारी भाभी ओरडल्या, "हाय राम दीदी, ये आपने क्या कर डाला!"

मी वाटीतली हळद बोटाने टोकांना लावत होते. माझ्या डोळ्यांसमोर दाराशी उभा असलेला ट्रक होता, हॉर्न वाजवणारा ड्रायव्हर होता. ज्यांची फुलं त्याला पुन्हा दिसणार नव्हती अशी अकरा झाडं त्या अर्ध्या तासात त्या माणसाने एकट्याने कापली होती, माझ्यासाठी, आणि प्रत्येक जखमेला हळद लावून मगच तो ट्रकमध्ये चढला होता.