जाधवबाईंचा संशयास्पद तास

पडवीत नारळाची सोडणं कोणी हौसेनं साठवत नाही, पण बघता बघता ढीग होतो. शाळेतल्या किश्शांचं तसंच. मी रत्नागिरीतल्या एका हायस्कुलात शिपाई. शिक्षण आठवी, पण दोनदा, म्हणजे सोळावीच धरा.

आमच्या जाधवबाई कोल्हापूरच्या. नववीला इतिहास आणि नागरिकशास्त्र. पुस्तक मिटायच्या आणि म्हणायच्या, "चला, आज करून बघूया." इथंच हेडसरांना वास आला. हेडसर म्हणजे उकडलेल्या अंड्यातही काटा शोधणारा माणूस.

"बाबू, त्या वर्गात चाललंय काय? पोरं हसतायत. इतिहासात हसण्यासारखं काय आहे?"

म्हटलं, "सर, मी नापास झालो तेव्हा सगळे हसले होते."

त्यांनी बाईंना सांगून टाकलं, तपासणीचे साहेब येऊ देत. त्यांना पटलं तर हे उपक्रम चालू, नाहीतर उद्यापासून खडू-फळा. बाई मला म्हणाल्या, "काका, नुसतं वाचूनच दाखवायचं तर माझी गरज काय? पोरं परत झोपायला लागतील."

*

बाईंनी वर्गात निवडणूक घेतली. खोक्याला फट, बोटाला शाई, सगळं रीतसर. मतदान गुप्त असतं, हे पोरांना बजावून बजावून सांगितलं. मोजणी झाली तर उमेदवार सादिकला भोपळा.

"अरे, स्वतःला तरी मत दिलंस की नाही?" बाईंनी विचारलं.

सादिकनं इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "बाई, गुप्त आहे ना ते? असं सगळ्यांसमोर कसं सांगू?"

तेवढ्यात हेडसर आत आले. "शून्य मतं? गडबड आहे. फेरमोजणी."

शून्याची फेरमोजणी त्यांनी जातीनं केली.

*

मग निघाला मुलाखतींचा उपक्रम. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचं आणि घराण्याचा इतिहास लिहून आणायचा. पूर्णगडची मयुरी घरी गेली आणि आजोबांपुढे बसली. "आजोबा, आपण ह्या गावात कधी आलो? आधी जमीन कुणाची होती?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आजोबा शाळेत.

"कुणी पाठवलान तुम्हाला? आमच्या भावकीनं?"

बाई म्हणाल्या, "नाही हो आजोबा, हा इतिहास आहे."

"ठाऊक आहे. कोर्टात पण असंच म्हणतात."

मी त्यांना चहा दिला आणि कानात सांगितलं, "पुढच्या आठवड्यात बाई गावाचा नकाशा पण काढायला लावणार आहेत." चहा अर्धा टाकून निघाले.

*

जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं. कुणी आजीचा पानाचा डबा आणला, कुणी आखातातून आलेला टेपरेकॉर्डर. मी हेडसरांची मोडकी खुर्ची नेऊन मध्ये ठेवली. बाई म्हणाल्या, "काका, हिच्याखाली काय लिहू?"

म्हटलं, "लिहा, संस्थान. अजून विलीन व्हायचंय."

हेडसर तिच्यासमोर बराच वेळ उभे होते. शेवटी मला म्हणाले, "ओळखीची वाटते रे."

*

तपासणीचे साहेब आले. घाटावरचे, बोलणं कमी. गुपचूप मागच्या बाकावर बसले. दारात हेडसर, त्यांच्यामागे मी. बाईंनी वर्गात ग्रामसभा भरवली होती, मयुरी सरपंच. बाई म्हणाल्या, "आता एकेका नागरिकानं उठून आपलं गाऱ्हाणं मांडा."

बाईंच्या कोल्हापुरात गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. आमच्याकडे गाऱ्हाणं देवाला घालतात. घालणारा थांबला की बाकीच्यांनी काय म्हणायचं, ते इथलं पोर पाळण्यातच शिकतं.

गुरवाचा संत्या उठला. चपला काढल्या, हात जोडले, डोळे मिटले.

"बा देवा महाराजा, मुलींच्या बाथरूमचा नळ पावसाळ्यापासून कोरडा आहे, त्याला पाणी येऊ दे रे महाराजा."

"व्हय महाराजा!" अख्खा वर्ग. सादिकसकट.

बाईंचा चेहरा पांढरा पडला. हेडसरांनी माझा दंड धरला. "बघ. मी सांगत नव्हतो? वर्गात देवस्की लावलीय बाईनं."

संत्याचे डोळे मिटलेलेच. "आणि आमच्या बाईंचा हा तास बंद पाडायचं जर कुणाच्या मनात आलं असेल, तर त्याचा तो विचार बारा वाटांनी निघून जाऊ दे रे महाराजा."

"व्हय महाराजा!"

त्यात एक जाड आवाज दारातून आला. बघतो तर हेडसर. चपला बाजूला, हात जोडलेले, मान खाली.

साहेबांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. मग बाईंकडे वळून म्हणाले, "सूचक विद्यार्थी, अनुमोदक मुख्याध्यापक. इतिवृत्तात घ्या."