पट्टा बदलल्यानंतरची गाडी

शिक्षकांच्या खोलीत वीज गेली की किस्से आपोआप निघतात. एकानं काढला की दुसऱ्याला आठवतो. पण मोखाड्याच्या रस्त्यावरच्या आमच्या मुलींच्या निवासी शाळेत मी मराठी शिकवायचे, तेव्हा एकच गाडी सगळ्यांना पुरून उरली. गवत कापायची, वर बसून चालवायची गाडी.

मुंबईच्या एका गृहस्थांनी ती शाळेला दिली होती. पावसाळा सरला की मैदानात गुडघाभर गवत माजायचं, त्यात फुरशी निघायची. मुलींना खेळायला सोडायला जीव धजायचा नाही. त्यामुळे गाडी आली तेव्हा आम्हांला खरंच हायसं वाटलं. पुढच्याच वर्षी तिचा चाकं फिरवणारा पट्टा तुटला.

"पट्टाच ना? मी बसवतो," खेळाचे भोये सर म्हणाले.

*

नवा पट्टा नाशिकहून एसटीच्या कंडक्टरनं आणून दिला. सरांनी तो बसवला. इंजिन धडधडलं, गाडी मात्र जागची हलेना. पट्टा काढला, पुन्हा बसवला, तरी तेच. आमचे शिपाई रावजीदादा यांनी हातानं ढकलली, तर सुरसुर गेली!

सर वैतागून मागे वाकले आणि त्यांचा शर्ट एका दांडीत अडकला. ढकलताना चाकं मोकळी करायची ती दांडी. गाडी झाडाखाली आणताना ओढलेली, ती तशीच राहिली होती.

"म्हणजे पट्ट्याचा दोष नव्हताच?" मी विचारलं.

"शर्टाचे उपकार," सर म्हणाले.

*

दांडी आत ढकलली. सरांनी पुढचा गिअर टाकला आणि गाडी सर्रकन मागे आली. घाईघाईत पुन्हा बसवताना पट्ट्याला पीळ पडला होता, त्यामुळे चाकं उलटी फिरत होती.

मागे मुख्याध्यापक उभे होते. गाडीच्या मागची बाजू सुरक्षित, असं त्यांनीच सगळ्यांना बजावलं होतं. निवृत्तीला आलेला तो माणूस एका उडीत ध्वजाच्या ओट्यावर चढला. आमचा कुणाचाच डोळ्यांवर विश्वास बसेना.

तिथूनच ते म्हणाले, "भोये, आता मला हिची पुढची बाजू दाखवा."

*

पिळानं तो पट्टा फाटला. सर मोखाड्याच्या बाजारात गेले आणि गिरणीचे पट्टे विकणाऱ्याकडून मापाला मिळताजुळता घेऊन आले. पट्टा खांद्यावर टाकून ते भर बाजारातून चालत आले, एवढंच निमित्त झालं.

सकाळी शाळेच्या फाटकात बायांची रांग! प्रत्येकीच्या डोक्यावर नागलीचं, म्हणजे नाचणीचं, बोचकं. शाळेनं गिरणी घातली, ही बातमी पाड्यापाड्यांवर पोचली होती. कोण कुठून चालत आलेल्या त्या. ही गिरणी नाही, दळत नाही, असं मी त्यांना सांगितलं.

एका म्हातारीनं गाडीभोवती फेरी मारली. "दळत नाही, तं करते काय ही?"

"गवत खाते, आजी," रावजीदादा म्हणाले.

"मंग दूध किती देते?"

*

बाजारातला पट्टा जरा आखूड होता. तो इतका ताणून बसला की थांबवायचं पेडल पायानं दाबलं तरी सैल पडेना. म्हणजे गाडी सुरू झाली की थांबणार नाही. हे आम्हांला कळलं ते दुपारी, मुली चिंचेखाली पंगतीला बसल्या होत्या तेव्हा.

सरांनी किल्ली फिरवली आणि गाडी आपली आपण निघाली. खाली पातं फिरत होतं. सर दोन्ही पायांनी पेडल दाबत होते. डावीकडे विहीर, समोर पंगत. किल्ली परत फिरवायचं त्यांना सुचलं नाही, आम्हांलाही ओरडून सांगायचं सुचलं नाही. मुली ताटं टाकून पळाल्या. एक लहानगी तेवढी तिथंच बसून राहिली, घास हातात धरून.

तिच्या अलीकडे सर गाडीवरून खाली आले आणि इंजिन गप्प झालं. सीटवर माणूस नसला की गाडी आपोआप बंद पडते, अशी सोय तिच्यात होती. ती तेव्हा आम्हांला पहिल्यांदा कळली.

मी धावत जाऊन पोरीला उचललं. मुख्याध्यापकांनी गवतात बसलेल्या सरांचे दोन्ही हात हातांत घेतले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"भोये, कसं सुचलं हो तुम्हांला, नेमकं त्या वेळी उतरायचं?"

सरांनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा पोरीकडे.

"उतरलो नाही, सर. पडलो."