मानेवर हात ठेवून

सहा वर्षांपूर्वी माळेगावच्या यात्रेत, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास, मी माझ्या वडिलांची पांढरी नुकरा घोडी एक लाख दहा हजारांना विकली. हजर चौघे होते: मी, घेणारा लातूरचा बालाजी, दलाल सत्तारमामू आणि घोडी. घोडीला साक्षीदारांत धरायची पद्धत मामूंची.

मामू उदगीरचे. साठी उलटलेली, अंगाने किरकोळ, खांद्यावर लाल टॉवेल. टॉवेलाखाली बोटं दाबून भाव ठरवणारे दलाल यात्रेत पुष्कळ होते. पण टॉवेल पसरण्याआधी मामू मालकाला जनावराच्या मानेवर हात ठेवायला लावत आणि घेणाऱ्यासमोर सगळ्या खोडी त्याच्याच तोंडून वदवून घेत. म्हणत, "मारवाडी हाय का काठेवाडी, रंग कसा, चाल कशी, हे गिऱ्हाइकाला दिसतंय. न दिसनारं मालकानं सांगायचं." एकदा मुदखेडकडच्या एका म्हाताऱ्याने आपलं भीमथडी तट्टू चावतं, लाथ मारतं, पाण्यात बसतं, असं सगळं भडाभडा सांगितलं. मामू म्हणाले, "बास की बापू! तट्टू विकून राहिले का सुनेचं गाऱ्हानं सांगून राहिले?" गिऱ्हाईक हसलं, आणि तट्टू विकलं गेलं.

माझी पाळी आली तेव्हा वडिलांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. शाळेतली कारकुनी सांभाळून पहाटे लीद काढायची, खरारा करायचा. वैरण आणि हरभऱ्याला महिन्याला साडेसात हजार. मी थकलो होतो. बालाजीला घोडी वरातीसाठी हवी होती. घोडी तशी गरीब, पण फटाका वाजला की तिला भान राहत नसे. आदल्या दिवाळीत दावं तोडून ती उसात घुसली होती. हे आमच्या घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं.

"हं, भाऊसाहेब. खोड?"

मी मानेवर हात ठेवला. "काही नाही."

"वाजंत्रीत? फटाक्यात?"

"शांत उभी राहते."

मामू बालाजीकडे वळले. "ह्यांच्या वडलाला मी तीस वर्सं वळखत होतो. घे बिनघोर." आणि टॉवेल पसरला.

तीन आठवड्यांनी मामू एसटीने आमच्या गावी आले. यापूर्वी ते कधी घरी आले नव्हते. बायकोने चहा दिला आणि ती दारात थांबली. मामूंनी विचारलं, "भाऊसाहेब, घोडी घरी फटाक्याला बिचकायची का हो?"

"आठवत नाही."

त्यांनी बशीतला चहा संपवला. "आठवत न्हाई तर ऱ्हाऊ द्या," म्हणाले आणि उठले.

पुढच्या यात्रांना मामू दिसले नाहीत. वय झालं असेल, असं मी धरून चाललो. गेल्या वर्षी लातूरला बालाजी भेटला, तेव्हा खरं कळलं. पहिल्याच वरातीत फटाक्यांची माळ लागली, घोडी उधळली, नवरदेव खाली पडला आणि त्याचं मनगट मोडलं. दवाखान्याचे अठरा हजार पाचशे मामूंनी स्वतःच्या खिशातून भरले. घोडी पुढे बालाजीने अर्धापूरच्या एका केळीवाल्याला दिली. तिथे ती मळ्यात सुखाने आहे.

"मामू तुम्हाला एक शब्द वाईट बोलले न्हाईत," बालाजी म्हणाला. "म्हनले, मालक इसरला आसंल. पन त्या दिवसापासून दलाली सोडली. म्हनले, आता कुन्या तोंडानं लोकाला मानेवर हात ठिव म्हनू?"

मी उदगीरला गेलो. मामू बाजेवर होते, दम लागत होता. मी सगळं सांगितलं.

"हाव, म्हाईत होतं. मी इचारलं तवा भाबी दारातून मागं सरल्या."

"मग तेव्हाच का बोलला नाहीत?"

"तुमच्याच घरात, भाबीच्या समोर, तुम्हाला झूटा म्हनू?"

मी अठरा हजार पाचशे पुढे ठेवले. नको म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी दोनदा मोजले आणि उशीखाली सारले. मग बायकोला हाक मारून पेटीतलं एक पाकीट आणवलं. त्यात अकराशे रुपये होते, माझ्याकडून मिळालेली दलाली. इतकी वर्षं तशीच ठेवलेली.

"बालाजीची त्याला तवाच वापस केली. तुमची ऱ्हायली होती. असल्या सौद्याचा पैसा मला पचत न्हाई."

"मामू, राहू द्या की."

"भाऊसाहेब, मी लई थकलो. घ्या अन् मोकळं करा मला."

पुढच्याच महिन्यात मामू गेले. माझ्याकडून त्यांना अठरा हजार पाचशे पोचले. त्यांच्याकडून मला अकराशे. मी ते घेतले.