सुधाकररावांचा लेहरा

नानाखेड्याच्या सुधाकररावांनी जन्मभर पेटीवर लेहरा धरला. लेहरा म्हणजे तीच ती इवलीशी सुरावट, पुन्हा पुन्हा. तिच्या भरवशावर तबलेवाल्याने वाटेल तेवढ्या उड्या माराव्यात. टाळ्या सगळ्या तबलेवाल्याला. लेहरेवाल्याकडे कोण बघतो! पण त्याचाही एक धर्म असतो: समोरचा चुको, अडखळो, आपला हात थांबवायचा नाही. घरी शिकायला येणारी पोरं उठायचं नाव घेत नसत, आणि सुधाकररावांना तर पेटीवर बसलं की कसलंच भान नसे. मग स्वयंपाकघरातून बायकोचा, मंगलाबाईंचा आवाज यायचा, "पुरे आता, पानं वाढलीत." त्या आवाजाला मात्र हात थांबायचा.

त्या मंगलाबाई पौषात अचानक गेल्या. सुधाकररावांच्या डोळ्यांतून टिपूस नाही. नदीवर राम घाटावर दहाव्याचं सगळं केलं, गुरुजी सांगतील तसं केलं, आणि येताना ऑटोवाल्याशी खोदलेल्या रस्त्याबद्दल बोलत आले. गाव हिंदी मुलखातलं; शेजारी म्हणाले, "भाईसाहब, रो लीजिए, जी हलका हो जाएगा." हे "हाँ हाँ" म्हणाले आणि चहा ढवळत बसले. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन दिलं की गाल कसा होतो, तसं आत सगळं बधिर. पेटीवरचं कापडसुद्धा त्यांनी काढलं नाही.

मुलगी भार्गवी हॉलंडात युरोपातलं जुनं गाणं शिकते. तिला बातमी द्यायची, तर हे फोन हातात धरून नुसते उभे. शेवटी शेजाऱ्यांनीच सांगितलं. तिकीट मिळून ती पोचेपर्यंत तेरावं उरकलं होतं. वडील "जेवलीस का" याच्या पुढे बोलेनात. आपण वेळेवर आलो नाही म्हणून बाबा रागावलेत, असं तिच्या मनाने घेतलं. पण विचारायचं कोणत्या तोंडाने?

एका सकाळी तिनेच पेटी त्यांच्या पुढ्यात आणून ठेवली. मला रियाज करायचाय, साथ करा, म्हणाली. तिकडे इटलीत चारशे वर्षांपूर्वी गाऊन नाटक करणं नवंनवं होतं, तेव्हा नायिकेच्या विलापाची एक रीत पडली, असं तिने सांगितलं. खाली चार सूर पायरीपायरीने उतरतात, सा, नी, ध, प, त्यात नी आणि ध कोमल. मग पुन्हा तेच, पुन्हा तेच. वर ती बाई रडते, कोसळते, हवं तिथे लांबवते. खालचे सूर काही बदलत नाहीत.

"घ्या! हा तर लेहराच झाला की," सुधाकरराव म्हणाले. कित्येक दिवसांत तोंडातून निघालेलं ते पहिलं धड वाक्य.

भाता हलू लागला. पोरगी गाऊ लागली. मध्येच तिचं गाणं तुटलं. हे थांबले नाहीत. सूर उतरत राहिले. तिने नाक पुसलं, वाट बघितली आणि पुन्हा सुरात शिरली. शेवटी गाणं संपलं.

पेटी मात्र संपेना. भार्गवीने बघितलं, तर वडिलांची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे लागलेली. राग कसला नि काय! ती उठून आत गेली. ओट्याशी उभं राहून तिने आवाज सावरला.

"बाबा, पुरे आता. पानं वाढलीत."

भाता मिटला. आत अजून कुकरही चढला नव्हता. सुधाकरराव उठून दारापर्यंत आले, चौकट धरून उभे राहिले, आणि फोनवर सांगायचं राहिलेलं त्यांनी आता सांगितलं.

"बेटा, तुझी आई गेली गं," म्हणाले, आणि ढसाढसा रडले.