नलूमावशींच्या व्हॅनमधला पखवाज

इथे परदेशात, ट्रॉय शहरात, आमच्या शेजारी राहणाऱ्या नलूमावशी कुणाच्याही गाडीत बसल्या की गाणं सुरू होताच आधी दरवाजाला तळहात लावायच्या. "खरखरतंय. अ‍ॅम्प्लिफायर आणि खर्जाचा सबवूफर स्पीकर जुळलेले नाहीत," हे इथल्या मराठी मंडळातल्या निम्म्या लोकांनी ऐकून घेतलेलं होतं. मूळच्या नागपूरच्या, इलेक्ट्रिकल इंजिनियर, सगळी नोकरी गाड्यांच्या ऑडिओत गेलेली. लग्नाच्या स्थळाची चौकशी करायला सांगावी तसं त्या सांगायच्या, "खोक्यावरचे वॉट्स वाचून भुलू नका. स्पीकरचा रोध किती ओहम ते विचारा. ओहम जेवढे कमी, तेवढा अ‍ॅम्पवर ताण जास्त."

मग त्यांच्या यजमानांना, अरविंदकाकांना, पक्षाघात झाला. काका मंडळाच्या भजनात पखवाज वाजवायचे. आता डोळे उघडे असायचे, पण नजर कुणावरच ठरायची नाही. डॉक्टरांनी सांगितलं, सुधारणेची आशा धरू नका, कायमची देखभाल करणारं नर्सिंग होम बघा. मावशींनी त्याऐवजी व्हीलचेअर चढेल अशी जुनी व्हॅन घेतली आणि तिच्यात सबवूफर बसवला.

"आवाज पोचत नसेल गं, पण हादरा पोचेल. पखवाज त्यांच्या अंगात आहे."

रोज दुपारी लायब्ररीच्या पार्किंग लॉटमध्ये त्या काकांच्याच वादनाचं रेकॉर्डिंग लावायच्या आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसायच्या. काहीच हलत नव्हतं. "ते ऐकून राहिलेत," असं मला सांगायच्या, पण स्वतःचं जेवण सुटलं होतं. एका दुपारी मी डबा घेऊन गेले, तर त्यांनी तसाच दुसरा सबवूफर आणून पहिल्याला पॅरलल जोडला होता.

"मावशी, हा अ‍ॅम्प दोन ओहमच्या खाली चालवायचा नाही, तुम्हीच म्हणाला होतात ना?"

"हो. आता एक ओहम झालाय. जास्त करंट ओढेल, जास्त जोर येईल."

"जळेल तो."

"जळू दे. त्याआधी एकदा तरी माझ्याकडे बघतील."

अ‍ॅम्प जळालाच. व्हॅनभर धूर झाला. आम्ही दोघींनी कशीबशी काकांची खुर्ची बाहेर काढली. मावशी ओल्या डांबरावर बसल्या आणि काकांच्या गुडघ्यावर डोकं टेकवून रडल्या. "आणखी काय करू, मला सुचत नाहीये. कुणीतरी सांगा मला."

मी त्यांच्या शेजारी डांबरावर बसले.

काही दिवसांनी त्यांनी तसलाच नवा अ‍ॅम्प बसवला. या वेळी घाई नव्हती. प्रत्येक सबमधल्या दोन कॉइल त्यांनी एकापुढे एक जोडल्या, मग दोन्ही सब पॅरलल केले आणि मीटर लावून पाहिलं. "चार ओहम. जोर कमी, पण नीट वाजेल." पखवाज सुरू झाला. खरखर अजिबात नव्हती; सीट नुसती थरथरत होती. काकांच्या हनुवटीत जराशी हालचाल झाली. ओठ विलग झाले.

"बंद कर."

मावशींनी झटकन बटण दाबलं. "अहो, काय म्हणालात?" काका त्यांच्याकडे बघत होते, कपाळाला आठी घालून. मग नजर पुन्हा खिडकीबाहेर गेली.

त्यानंतर ते कधीच बोलले नाहीत. वसंत ऋतू सरायच्या आत काका गेले. भेटायला आलेल्या एक काकू हळहळून म्हणाल्या, "एवढं केलंत नलूताई, पण शेवटी काही उपयोग झाला नाही."

"झाला ना," मावशी म्हणाल्या. "वैतागले माझ्यावर. अगदी पूर्वीसारखे."