छपराखालची मिरची

नंदुरबारला माझी पथारी आहे, म्हणजे उघड्यावर लाल मिरची वाळत घालायची जागा. पूर्वी दिवाळीनंतर आभाळाकडे बघावं लागत नसे. आता ऐन वाळवणात पाऊस येतो आणि माल काळा पडतो. आम्ही व्यापारी पंचनामे करा म्हणून अर्ज लिहीत बसलो. माझ्याकडे मिरचीचे देठ खुडायला येणाऱ्या एका बाईने मात्र बाकीच्या बायांना जमवून कंपनी काढली, स्वतः अध्यक्ष झाली आणि पथारीच्या कोपऱ्यात वाळवणीसाठी प्लास्टिकचं छप्पर उभारलं. मी फक्त तो कोपरा भाड्याने दिला होता.

हवामान बदलावर काम करणारे पाहुणे तिची कंपनी बघायला आले, तेव्हा पुढे झालो मी. तिला म्हणालो, "बाई, चहाचं बघ जरा." ती गेली आणि मी "आम्ही असं केलं, आम्ही तसं केलं" सांगत सुटलो. आठवलं की आजही कानशिलं तापतात.

मग एकाने विचारलं, "पाऊस अडवायला छप्पर केलंत, मग खाली आणि वर फटी कशाला?"

मला ठाऊक नव्हतं. मी तिला कधी विचारलंच नव्हतं. तेवढ्यात ट्रे घेऊन मागे येऊन उभी राहिलेली ती हळूच म्हणाली, "खालथीन वारा येस शेठ, वरथीन वाफ जास."

निदान तेव्हा तरी बाजूला व्हायचं! मी तेच वाक्य शुद्ध मराठीत, खड्या आवाजात सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिला वाजवता आल्या नाहीत. तिच्या हातात तिच्याच पाहुण्यांचा चहा होता.