फळ्यावरचा पियानो

ही गोष्ट मी आजवर टाळली. कुणी शाळेच्या आठवणी विचारल्या की सहली आणि निकाल सांगून मोकळा होत असे. आता सत्तरी उलटली. जपण्यासारखी अब्रू फारशी उरलेली नाही.

डोंबिवलीतल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मी पर्यवेक्षक होतो. ठाण्यातल्या बड्या शाळांत पाश्चात्त्य संगीत शिकवतात, असं आमच्या संस्थेच्या अध्यक्षांच्या कानावर आलं. त्यांची संगीताची समज वरातीच्या बँडपाशी संपत होती, पण पियानो आला. मुलं खराब करतील म्हणून तो मुख्याध्यापकांच्या खोलीत ठेवला आणि त्यावर शाळेच्या ट्रॉफ्या मांडल्या. संगीत फळ्यावर शिकवायचं ठरलं.

शिकवायला ठाण्याहून एक तरुण टीचर येत. नोकरी वर्षाच्या कराराची. वडील अंथरुणाला खिळलेले, घर त्यांच्यावर. वहीत त्या काही उतरवून देत नसत. ‘अदाजिओ’ म्हणजे संथ, म्हणून पोरांना मैदानात संथ चालवत. ‘अलेग्रो’ म्हटलं की पळवत. ‘पियानिसिमो’ म्हणजे अतिशय हळू. तो शब्द त्या कुजबुजून म्हणत, मग अख्खा वर्ग कुजबुजे आणि डोक्यावरच्या पंख्याची घरघर ऐकू येई. मी कितीदा तरी दारात थांबून ऐकलं आहे.

पालक मात्र कुरकुरू लागले. एक आई माझ्यासमोर वही नाचवत म्हणाली, “सर, कोरी आहे! पेपरात काय लिहिणार ही? आणि पळायला पीटीचा तास आहे ना?”

तेवढ्यात स्नेहसंमेलन आलं. अध्यक्षांना ‘वेस्टर्न म्युझिक’ स्टेजवर हवं होतं. मी फर्मान काढलं, की सहावीने सगळे शब्द अर्थासकट पाठ म्हणायचे, पाढ्यांसारखे.

टीचर स्टाफरूममध्ये म्हणाल्या, “सर, निदान एकदा पियानो उघडू द्या. पोरांनी तो ऐकलेलासुद्धा नाही.”

“अहो, मग ट्रॉफ्या काय डोक्यावर घेऊ?” मी म्हणालो. सगळे खो खो हसले. माझ्या विनोदांना तिथे नेहमीच हसत; रजेचे अर्ज माझ्याकडे येत.

त्यांनी तालीम घ्यायला नकार दिला. मीच घेतली.

संमेलनात साऱ्या पोरांनी बेंबीच्या देठापासून आरोळी ठोकली, “पियानिसिमो मीन्स व्हेरी सॉफ्ट!” मांडवाचे पत्रे थरथरले. पहिल्या रांगेतली एक मुलगी सवयीने कुजबुजली, तिला मी पडद्याआडून डोळे वटारले. समोर डॉक्टर, वकील, बँकवाले बसलेले. एकालाही हसू फुटलं नाही. सगळे मोबाईल वर करून चित्रण करत होते. अध्यक्ष ओरडले, “वन्स मोअर!”

नंतर चहा पिताना त्यांनी विचारलं, “तुम्हीच घेतलंत की सगळं. मग त्या बाई कशाला? वर्ग कसा असतो त्यांचा?”

“शिस्त नसते,” मी म्हणालो.

करार पुढे वाढला नाही. निरोपाच्या दिवशी टीचर माझ्यापाशी आल्या. “सर, तुम्ही तर दारात उभं राहून ऐकायचात,” एवढंच म्हणाल्या. मी टेबलावरचं वेळापत्रक वाचत राहिलो. ते मीच बनवलेलं होतं.

मागच्या वर्षी ठाण्यात एका इमारतीवर त्यांच्या क्लासची पाटी दिसली. पुन्हा मुद्दाम गेलो. रिक्षात बसून वाक्य घोकलं. दार त्यांनीच उघडलं. आत कुणी लहान मूल अगदी हळू वाजवत होतं.

“सर! या ना, या.”

“नातीसाठी... क्लासची वेळ विचारायची होती,” मी म्हणालो.

त्यांनी वेळ सांगितली, पाणी विचारलं. मी जिना उतरलो. मला नात नाही.

रिक्षात घोकलेलं वाक्य मात्र अजून पाठ आहे: टीचर, तुमच्या वर्गात शिस्त होती, मी खोटं बोललो, मला माफ करा.